सात नंबरचा डबा

मुलुंडच्या घरी पाहुणे आले की पद्मजाची ओळख ‘पोटाच्या विकारांवर काहीतरी मोठं संशोधन करते’ अशी करून द्यायची पद्धत होती. काहीतरी मोठं म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलंच तर तिचा भाऊ देवव्रत घाईघाईने पोह्यांची बशी पुढे करायचा. खरं उत्तर पोह्यांबरोबर देण्यासारखं नव्हतंच. पद्मजा गू तपासायची. गेली अकरा वर्षं, अंधेरीच्या एका संशोधन केंद्रात, दुहेरी हातमोजे घालून ती माणसांच्या आतड्यात राहणाऱ्या जंतूंची खानेसुमारी करत होती, आणि त्यावर तिचे चौदा शोधनिबंध छापून आले होते.

तिला त्याची लाज वाटत नव्हती, निदान ती तसं म्हणायची. कॉलेजात व्याख्यानाला बोलावलं की ती मुलांना सांगायची, ‘‘आपल्या पोटात एक अख्खं गाव नांदतं. ऊठसूट अँटिबायोटिक घेतलं की गावातली चांगली माणसं मरतात आणि त्यांच्या रिकाम्या घरांत गुंड शिरतात.’’ त्या गुंडांतला सगळ्यात चिवट म्हणजे सी-डिफ. हा एकदा आतड्यात ठाण मांडून बसला की माणसाला दिवसाला पंधरा-वीस वेळा संडासला पळवतो, औषधाने दबतो, आणि औषध थांबलं की पुन्हा डोकं वर काढतो. त्यावर एक उपाय फार गुणकारी ठरतो. निरोगी माणसाचा गू घ्यायचा, गाळायचा, आणि दुर्बिणीच्या नळीतून आजाऱ्याच्या आतड्यात सोडायचा. गाव पुन्हा वसतं, गुंडाला जागाच उरत नाही. इथे मुलं ‘ईऽऽ’ करायची, आणि पद्मजा थोडं थांबून म्हणायची, ‘‘नाकं मुरडू नका. जंतूंना जात नसते.’’ या वाक्याला हमखास टाळ्या पडायच्या, म्हणून ते ती दर व्याख्यानात टाकायची.

केंद्राकडे असा गू देणारे नऊ दाते होते. त्यांना नावं नव्हती, नंबर होते. आणि त्या नऊजणांत सात नंबरची तोड कुणालाच नव्हती.

सात नंबर म्हणजे एमिलिया रोझारिओ. राहणार मढ, वय छप्पन्न. जुन्या गावठाणातलं कॅथलिक घर, दाराशी क्रूस, मागे विहीर आणि वांगी-मिरच्यांचा तुकडा. नवरा हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला म्हणून दवाखान्यात गेला आणि तिथल्या जंतूने सतरा दिवसांत संपला. त्यानंतर वर्षभराने केंद्राची माणसं मढच्या चर्चच्या हॉलमध्ये दाते शोधायला आली, तेव्हा सगळे हसत होते आणि ही एकटी उठून म्हणाली, ‘‘माझ्यानं कोनाचा नवरा वाचनार असंल तर घ्या बाबा. रोज फुकटच जातंय.’’ तपासणीत कळलं की या बाईने जन्मात अँटिबायोटिक घेतलेलं नाही. ताप आला तर पेज, खोकला आला तर काढा. तिच्या नमुन्यात जंतूंच्या जेवढ्या जाती सापडल्या, तेवढ्या पद्मजाला कुठल्याच दात्यात सापडल्या नव्हत्या. पहिला अहवाल पाहून ती खुर्चीवरून उठून उभी राहिली होती.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी एमिलिया सकाळच्या फेरीबोटीने वर्सोव्याला उतरायची आणि रिक्षा करून सातला केंद्रात हजर व्हायची. केंद्रातली कॉफी प्यायली की दहा मिनिटांत तिचं काम व्हायचं. ‘‘तुमच्या मशिनपेक्षा टायमात हाय की नाय मी?’’ असं ती तंत्रज्ञ नितेशला विचारायची, आणि नितेश तिला सलाम ठोकायचा. नमुना गाळून, डब्यांत भरून उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये साठ दिवस जायचा. साठ दिवसांनी दात्याच्या सगळ्या तपासण्या पुन्हा करायच्या आणि त्या स्वच्छ आल्या तरच डब्यावर हिरवा शिक्का मारायचा, असा नियम होता. हा नियम पद्मजानेच लिहिला होता. सात नंबरच्या डब्यांनी आजवर अकरा माणसं उठून चालायला लागली होती. त्यातल्या एका आजोबांनी तर देणाऱ्याचे पाय धरायचे आहेत म्हणून हट्ट धरला होता.

एमिलिया रिकाम्या हाताने कधी यायची नाही. कधी सुक्या जवळ्याचं लोणचं, कधी तळलेल्या गोल फुग्या. पद्मजा मासे खात नाही हे कळल्यावर तिने ओल्या नारळाच्या करंज्या, तिच्या भाषेत नेवऱ्या, सुरू केल्या. ‘‘तेल नवीन, कढई पन वेगळी घेतलीय हां, तुझ्यासाठी,’’ असं ती बजावून सांगायची. पद्मजा डबा घ्यायची, गोड हसायची आणि म्हणायची, ‘‘आज उपास आहे हो आंटी.’’ मंगळवारी मंगळवारचा, शुक्रवारी शुक्रवारचा. एमिलिया हळहळायची, ‘‘तुमच्यात लय उपास.’’ ती जिना उतरली की डबा नितेशच्या टेबलावर जायचा. पद्मजाने आयुष्यात एकही उपास धडपणे केला नव्हता.

असं दोन वर्षं चाललं होतं. आणि मग पद्मजाच्या आईची दाढ दुखायला लागली.

आई म्हणजे नीलाताई. मुलुंडच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या, त्र्याहत्तर वर्षांच्या, कडक आणि कोरड्या विनोदाच्या. त्या देवव्रत आणि त्याची बायको ऋता यांच्याकडे राहायच्या. दाढ काढली, डॉक्टरने जबर अँटिबायोटिक दिलं, आणि दहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. सी-डिफ. औषधाने गेला, परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्या वेळी नीलाताईंचं वजन अडतीस किलोवर आलं आणि त्यांना स्वतःच्या पायांनी संडासपर्यंत जाता येईना. ज्या बाईच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग चिडीचूप व्हायचा, ती सुनेने लंगोट बदलताना भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आपली आई या गोष्टीने मरणार, ज्या गोष्टीवर आपण अकरा वर्षं घालवली त्याच गोष्टीने मरणार, हे पद्मजाला सहनच होईना.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने मुलुंडच्या घरी विषय काढला. आई आतल्या खोलीत झोपली होती. पद्मजाने उपाय समजावून सांगितला, अकरा माणसांचं सांगितलं. देवव्रत मान डोलवत होता. ऋताने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘पण ते... कुणाचं असतं?’’

‘‘दात्याचं. आमच्याकडे एक बाई आहेत, मढच्या. त्यांचा नमुना म्हणजे...’’

‘‘कोळी?’’ देवव्रतने विचारलं.

‘‘नाही रे. ख्रिश्चन आहेत, इथल्याच, ईस्ट इंडियन.’’

ऋता मिठाच्या भांड्याचं झाकण लावत बसली. मग देवव्रत घसा साफ करून म्हणाला, ‘‘हे बघ पद्मा, मी काही जुन्या वळणाचा नाही, तुला माहीत आहे. पण आई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. आणि तिच्या पोटात तू हे... मासे, डुक्कर, सगळं खाणाऱ्या बाईचं... उद्या तिला कळलं तर ती आपल्याला माफ करेल का?’’

‘‘जिवंत तर राहील.’’

‘‘ते आहेच गं. पण माझं चालणार नाही का? मी मुलगा आहे तिचा. शुद्ध शाकाहारी, दारू नाही, सिगरेट नाही. रोज चालायला जातो.’’

आता खरं तर पद्मजाने ते टाळ्यांचं वाक्य टाकायला हवं होतं. प्रसंग त्या वाक्यासाठीच तयार केल्यासारखा होता. सांगायला हवं होतं की मढचे बारा डबे तपासून, हिरवा शिक्का मारून फ्रीजरमध्ये तयार आहेत. की चांगलं आतडं आणि शुद्ध आचरण यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तिने तोंड उघडलंही. आणि नेमकं त्याच वेळी तिच्या डोळ्यांपुढे आई आली, आईची तुळस आली, आणि त्यामागोमाग एमिलियाचं ते खारवलेलं, हसरं तोंड आलं, आणि ते वाक्य तोंडातच राहिलं. देवव्रतने स्वतःहून वाट काढून दिली याचं तिला बरं वाटलं. चक्क बरं वाटलं. एवढी शिकलेली बाई, पण त्या क्षणी तिला हायसं वाटलं, ही गोष्ट लपवून उपयोग नाही.

‘‘चालेल,’’ ती म्हणाली. ‘‘घरातलं कधीकधी बरंही पडतं.’’

आतल्या खोलीत आई होती. दहा पावलांवर. तिला विचारावं असं तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

केंद्राच्या नियमावलीत एक कलम होतं: तातडीच्या वेळी घरातल्या माणसाचा ताजा नमुना, साठ दिवस न थांबता, विभागप्रमुखांच्या सहीने वापरता येईल. विभागप्रमुख मार्तंड सरांनी कागद पाहून चष्मा कपाळावर चढवला. ‘‘अहो, सात नंबर पडून आहे की फ्रीजरमध्ये. भाऊ कशाला?’’

‘‘घरच्यांची इच्छा आहे, सर.’’

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ‘‘अच्छा. समजलं,’’ ते म्हणाले आणि सही केली. त्यांना खरोखरच लगेच समजलं होतं.

दात्याची प्रश्नावली चार पानांची असे. दात्याला समोर बसवून, एकेक प्रश्न दोनदा विचारून ती भरायची, हाही पद्मजाचाच नियम. एमिलियाला तिने पहिल्या दिवशी पावणेदोन तास बसवून ठेवलं होतं, तिच्या आजीच्या आजारांपर्यंत चौकशी केली होती. देवव्रतची प्रश्नावली तिने आपल्या टेबलावर एकटीनेच बसून, चहा पिता पिता भरली. सख्ख्या भावाला काय विचारायचं? गेल्या सहा महिन्यांत रुग्णालयात दाखल? नाही. परदेशप्रवास? नाही. अँटिबायोटिक? नाही. तिचं पेन कुठेच अडलं नाही.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्या स्वच्छ आल्या. औषधांना दाद न देणारे जंतू आहेत का, ते पाहायची बशी मात्र दोन दिवस उबवावी लागते. ती बशी गुरुवारी संध्याकाळी ठेवली आणि उपचार शुक्रवारी होता. ‘‘मॅडम, शनिवारपर्यंत थांबायचं का?’’ नितेशने विचारलं. ‘‘भाऊ आहे रे माझा,’’ पद्मजा म्हणाली. आईला अजून एक दिवस तसं पडलेलं पाहणं तिच्याने होत नव्हतं, हेही खरंच होतं.

त्या शुक्रवारी सकाळी नेहमीप्रमाणे एमिलिया आली होती. पद्मजाची आई खाली केंद्राच्याच रुग्णालयात आहे, हे तिला नितेशकडून कळलं. तिने पद्मजाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ‘‘घाबरू नको बाय. माझा डबा लाव तिला. मी आज चर्चमदी मेणबत्ती लावते.’’ पद्मजा म्हणाली, ‘‘हो आंटी.’’ आणि भावाला घ्यायला गेटवर गेली.

सोमवारी आईचे जुलाब थांबले होते. पूर्ण थांबले होते. ऋताने मऊ भात भरवला आणि तो पोटात राहिला. पद्मजा वॉर्डाच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. मग तोंड धुऊन वर प्रयोगशाळेत आली, तर टेबलावर नितेशची चिठ्ठी होती. देवव्रतच्या बशीवर जंतू उगवले होते. भरघोस. सगळ्यात शेवटच्या फळीतल्या औषधाच्या चकतीला चिकटून उगवले होते, म्हणजे त्या औषधालाही ते जुमानत नव्हते.

ती खाली बसली. मग तिच्यातल्या हुशार बाईने तिची समजूत घालायला सुरुवात केली. असले जंतू आता या शहरात कुणाकुणाच्या पोटात नसतात? गुमान राहतात बिचारे. त्रास द्यायचा असता तर एव्हाना दिला असता. आई तर भात खातेय. तिने चिठ्ठीची घडी केली आणि खणात, स्टेपलरच्या डब्याखाली सरकवली.

मंगळवारी दुपारी आई उशीला टेकून बसली होती. आवाज बारीक, पण जुना खवचटपणा परत आला होता. ‘‘ये गं. बस. तुझं शास्त्र बरं आहे म्हणायचं. त्या बाई येतात का अजून, मढच्या?’’

पद्मजाला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. ‘‘कोण बाई?’’

‘‘अगं, तुझी ती सात नंबर. दोन वर्षं सांगतेयस, सात नंबर अशी आणि सात नंबर तशी. मला ठाऊक होतंच, माझी पोरगी माझ्यासाठी फ्रीजरमधलं सगळ्यात उत्तम तेच काढणार.’’

कसंबसं पद्मजाने विचारलं, ‘‘आई, तुला... चाललं?’’

‘‘न चालायला काय झालं? मरणाच्या दारात सोवळं नेसून उभी राहू? आणि बत्तीस वर्षं वर्गात काढली आहेत मी. डिमेलोचा रॉबर्ट रोज डब्यातला अर्धा सुका बोंबील माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. तुला काय वाटतं, मी टाकून द्यायचे?’’ आई हसली, तिला ठसका लागला. ‘‘तुझ्या बाबांना सांगितलं नाही इतकंच. चातुर्मास तर मी ऋताला चार महिने कांदा-लसणाचं वाटण करत बसावं लागू नये म्हणून पाळते.’’

तेव्हाच सांगायला हवं होतं. पद्मजा उशीचा अभ्रा सरळ करत राहिली.

‘‘हे बघ,’’ आई म्हणाली, ‘‘माझ्या कपाटात जांभळी इरकल आहे, घडी न मोडलेली. ती त्या बाईंना द्यायची. आणि तू स्वतः जायचंस त्यांच्या घरी, कुणाबरोबर पाठवायची नाही. नीला टीचरने दिली म्हणून सांग.’’

बुधवारी पहाटेपासून आईला हुडहुडी भरली. दुपारी रक्तदाब उतरला. रक्तात जो जंतू सापडला तो कोणता, हे अहवाल यायच्या आधीच पद्मजाला ठाऊक होतं. मग तिने खणातली चिठ्ठी काढून अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरला दाखवली, आणि त्याने ती वाचून तिच्याकडे असं पाहिलं की तिने नजर फरशीवर लावली. उरलीसुरली सगळी औषधं देऊन झाली. जंतूने एकालाही दाद दिली नाही. शनिवारी सकाळी साडेदहाला नीलाताई गेल्या. बशीतले आणि आईच्या रक्तातले जंतू एकच आहेत का, याची जनुकीय तपासणी पद्मजाने स्वतः केली. एकच होते.

दहाव्याच्या दिवशी लोक भेटायला येत होते आणि देवव्रत प्रत्येकाला सांगत होता, ‘‘मी माझ्याकडून काही कमी केलं नाही. माझ्या शरीरातलं दिलं आईला. चार दिवस काय टवटवीत झाली होती! पण आयुष्यच संपलं होतं तिचं.’’ लोक हळहळून म्हणत, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. पद्मजाने त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

‘‘देवा, गेल्या वर्षात तू अँटिबायोटिक घेतलं होतंस?’’

‘‘ते काय, घसा धरला की घेतो ना. खालचा केमिस्टच देतो, तीन गोळ्यांत मोकळा. पावसाळ्यात दोनदा-तीनदा झालं असेल. आणि दिवाळीआधी ते पायाचं गळू झालं तेव्हा आठवडाभर इंजेक्शनं घेतली की. तू कामात होतीस, तुला कुठे सांगत बसायचं? का गं?’’

‘‘काही नाही. सहज,’’ ती म्हणाली. त्याला सांगून त्याचं उरलेलं आयुष्य नासवायचं नव्हतं. आणि सांगायचं तर मग पुढचंही सांगावं लागलं असतं, की हा प्रश्न छापलेला होता आणि उत्तर तिने लिहिलं होतं.

केंद्राच्या समितीने उपचार थांबवले. चौकशी बसली. मार्तंड सरांनी सगळ्या दात्यांना जायचं पत्र लिहिलं, कुणाचंच नाव येणार नाही अशा बेताने: एका दात्याच्या नमुन्यातून संसर्ग होऊन एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची शक्यता असल्याने पुढील सूचनेपर्यंत येऊ नये. नऊ पत्रं गेली. पद्मजाने ते पत्र पाहिलं होतं. ते मढला पोचल्यावर काय होईल, हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. तिला दुःख होतं ना, मग इतर कशाला सवड कुठली?

तीन आठवड्यांनी ती साडी घेऊन गेली. बुधवार होता. वर्सोव्याहून बोटीला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत; दोन वर्षं एमिलिया इकडून तिकडे येत होती, ही तिकडून इकडे पहिल्यांदाच आली होती. घर विचारत विचारत सापडलं. अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते. एमिलिया ओट्यावर नुसती बसली होती, हात मांडीवर टाकून. ती निम्मी झाली होती.

पद्मजाला पाहताच ती उठली, आणि जवळ येता येता मध्येच थांबली. ‘‘मी येनार होते गं तुझ्याकडं. पन कुठल्या तोंडानं येऊ?’’ तिला रडू फुटलं. ‘‘मेलनीनं, माझ्या पोरीनं, कागद वाचला. मी दिवस मोजले. तुझी आईच ती. माझ्यामुळं गेली ना? माझ्या पोटात काय होतं, मला नाय गं ठाऊक. ठाऊक असतं तर दिलं नसतं. फादर बोलले, तुझा गुन्हा नाय. पन मला जेवन जात नाय. माझा नवरा असल्याच किड्यानं गेला, आनि मी दुसऱ्याची आई मारली.’’

पद्मजा साडी द्यायला आली होती. आईचा निरोप द्यायचा, दोन मिनिटं बसायचं आणि परतीची बोट पकडायची, एवढंच तिने ठरवलं होतं. तिला वाटलं आताच्या आता जमीन पोटात घेईल तर बरं. ‘‘आंटी,’’ ती म्हणाली, ‘‘तुमचं नव्हतं ते.’’

‘‘काय?’’

‘‘तुमचं दिलंच नाही आईला. माझ्या भावाचं दिलं. त्याच्यातून गेला जंतू. तुमचा नमुना स्वच्छ आहे, पहिल्यापासून स्वच्छ आहे.’’

एमिलिया मटकन ओट्यावर बसली. तिने छातीवर क्रूस काढला, पुन्हा काढला, पदराने तोंड पुसलं, आणि तिच्या चेहऱ्यात जीव आला. ‘‘जेजू! तीन आठवडं मी... थांब, थांब. उन्हातनं आलीस. बस.’’ ती लगबगीने आत गेली. चहाचा कप आला, बशीत चार नेवऱ्या आल्या. ‘‘मेलनीनं केल्यात काल, मला खायला लावायला. तुझीच कढई हाय. खा.’’ ती समोर बसली आणि पद्मजाकडे मायेने पाहत राहिली. ‘‘भावाला वाईट वाटत असंल गं.’’

मग हळूहळू तिच्या कपाळावर आठी आली.

‘‘पन माझा डबा होता ना? तूच बोलायचीस, सगळ्यात बेस. अकरा मानसं उठली.’’

‘‘होता.’’

‘‘संपला होता?’’

‘‘नाही. बारा होते.’’

‘‘मी तुला बोलले, माझा लाव. तू हो बोललीस.’’

पद्मजाजवळ सांगायला पुष्कळ होतं. कलम होतं, तातडी होती, घरातला दाता होता. ‘‘घरच्यांना वाटलं,’’ ती म्हणाली, ‘‘की आईला...’’

‘‘आई नको बोलली?’’

‘‘आईला विचारलं नाही.’’

एमिलिया रागावली नाही. रागावली असती तर पद्मजाला सोपं गेलं असतं. ‘‘म्हंजे तुलाच नको होतं,’’ ती एवढंच म्हणाली.

पद्मजाने पिशवीतून साडी काढून ओट्यावर ठेवली. आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. शेवटपर्यंत आईला वाटत होतं की एमिलियाचाच डबा दिलाय, हेही सांगितलं. एमिलियाने हात पुसले, साडीची घडी नुसती काठाकडून उचलली, काठावरून बोट फिरवलं.

‘‘तिला माझंच वाटलं?’’

‘‘हो.’’

‘‘मरेपर्यंत?’’

‘‘हो.’’

‘‘मंग ठेवते. तिनं दिलीय ती.’’ तिने साडी मांडीवर घेतली. ‘‘बरी बाई असंल.’’

पद्मजाने डोळे पुसले. समोर बशी होती. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने नेवरीकडे हात नेला, आणि तो पोचायच्या आत एमिलियाने बशी उचलली.

‘‘ऱ्हाऊ दे बाय,’’ ती म्हणाली. ‘‘तुझा उपास असंल.’’ आणि एका हातात साडी, एका हातात बशी घेऊन ती आत गेली.